हुरड्याला पोरं बोलावताना



या पानावर एरवी आम्ही लागणीच्या तारखा, बेणेबदल, खोडव्याची निगा आणि पाचट न जाळण्याबद्दल लिहितो. या खेपेस विषय निराळा आहे. शेतकी खात्याच्या माणसाला पोराटोरांच्या पार्टीतलं काय कळतंय, असे कुणी म्हणेल. म्हणू द्या. तोडणीचा हंगाम आणि हुरड्याचा हंगाम बरोबरच येतो. ब्रिक्स घ्यायला, प्लॉट पाहायला आम्ही वस्त्यावस्त्यांवर हिंडतो आणि हुरड्याला बसवल्याशिवाय आमचे सभासद सोडत नाहीत. त्यामुळे पंधरा-वीस वर्षांत आगटीभोवती बसलेली माणसे आम्ही जितकी पाहिली, तितकी कुणी पाहिली नसतील.

पूर्वी हुरडा म्हणजे मोठ्यांचा कारभार. पाहुणे, व्याही, साहेबलोक. आता बऱ्याच वस्त्यांवर मुलाचा नाही तर नातीचा वाढदिवसच हुरड्याला जोडून घेतात. चांगली गोष्ट आहे. केकपेक्षा गूळभेंडीचं कणीस केव्हाही बरं, हे आमचं मत. पण गेल्या काही हंगामांत आयाबाया आम्हांला एकच तक्रार सांगतात. "साहेब, वीस पोरं बोलावली. पण चार कोंडाळी करून चार कोपऱ्यांत बसली. एकत्र येईनातच. काय करावं?"

प्रश्न साधा दिसतो, पण तसा नाही. आपल्या वस्तीवर वाढदिवसाला कोण कोण येतं ते पाहा. एक, गावच्या जिल्हा परिषद शाळेतली मुलं. दुसरी, पिवळ्या बसमधून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जाणारी. तिसरी, पुण्या-पिंपरीहून आलेली मामे-आते भावंडं. आणि ज्या घरची माणसं मनाने मोठी आहेत तिथे चौथी, म्हणजे शेजारच्या फडावर उतरलेल्या तोडणी टोळीची पोरं. दिवाळीच्या सुमारास ही पोरं आईबापांबरोबर येतात, कोप्यांत राहतात आणि पट्टा पडला की जातात. हंगामी वसतिगृहाच्या योजनेतून काही मुलं मागे गावी राहतात हे खरं, पण सगळीच राहत नाहीत, हे फडावर हिंडणाऱ्या कुणालाही दिसतं. या चौघांना एका सतरंजीवर बसवलं म्हणजे ती एक होतील, ही समजूत आधी काढून टाकावी.

याबाबत एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. 1954 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात रॉबर्स केव्ह नावाच्या ठिकाणी मुझफ्फर शेरीफ या मूळच्या तुर्कस्तानच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अकरा-बारा वर्षांच्या 22 मुलांचं शिबिर भरवलं. अकरा-अकराचे दोन गट केले. सुरुवातीला एका गटाला दुसऱ्याचा पत्ताही नव्हता. एकाने नाव घेतलं गरुड, दुसऱ्याने एका विषारी सापाचं. मग दोघांच्या सामन्यांची मालिका लावली. चेंडूफळीसारखा खेळ, रस्सीखेच वगैरे. जिंकणाऱ्याला पदकं आणि खिशातले चाकू. चार दिवसांत शिवीगाळ, एकमेकांचे झेंडे जाळणं, रात्री दुसऱ्यांच्या खोल्यांवर धाड, इथपर्यंत मजल गेली. ही काही वाया गेलेली मुलं नव्हती. चांगल्या घरची, शाळेत नीट शिकणारी, मुद्दाम निवडलेली होती.

पुढचा भाग आपल्या कामाचा. भांडण मिटावं म्हणून शेरीफच्या लोकांनी दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवलं, एकत्र सिनेमा दाखवला. उपयोग शून्य. जेवताना अन्नाचीच फेकाफेकी झाली. मग त्यांनी अशा अडचणी उभ्या केल्या की एकट्या गटाला त्या सुटणार नाहीत. शिबिराचं पाणी बंद पडलं, तेव्हा टाकीपासून नळापर्यंत सगळ्यांनी मिळून शोधाशोध केली. जेवणाचं सामान आणणारी मोटार सुरू होईना, तेव्हा ज्या दोराने आधी एकमेकांना ओढलं होतं तोच दोर मोटारीला बांधून सगळ्यांनी ती ओढली. अशा पाच-सहा कामांनंतर ताण उतरला. परतताना मुलांनी एकाच बसने जायचा आग्रह धरला आणि एका गटाने बक्षिसाच्या पाच डॉलरांतून सगळ्यांना दुधाचं पेय पाजलं.

या प्रयोगावर नंतर टीकाही झाली. 2018 साली आलेल्या एका पुस्तकात जीना पेरी या लेखिकेने दाखवलं की शिबिर चालवणारेच मुलांना चिथावत होते. ते असो. आपल्यापुरता अनुभव पडताळून पाहायला ओक्लाहोमाला जायला नको. फडात रुतलेली उसाची ट्रॉली आठवा. टोळीतली दोन बिऱ्हाडं आठ दिवस एकमेकांशी बोलत नसतात, पण चाक रुतलं की दोघंही खांदा देतात आणि संध्याकाळी चुलीशेजारी बसलेली दिसतात.

म्हणून आमचं पहिलं सांगणं असं की, पोरं आल्याबरोबर त्यांना बसवू नका. कामाला लावा. आल्यानंतरची पहिली पंधरा मिनिटं फार मोलाची. तेवढ्यात जो ज्याच्या शेजारी बसला तो संध्याकाळपर्यंत तिथेच राहतो. हुरड्याचं एक बरं आहे, त्यात कामं भरपूर. शेण्या मोडून द्यायच्या, कणसं आगटीपर्यंत पोहोचवायची, चोळलेला हुरडा सुपात घ्यायचा, चटणी, गूळ, खोबरं वाट्यांत काढायचं, भुईमुगाच्या शेंगा निवडायच्या. प्रत्येक काम दोघांचं ठेवावं आणि त्या दोघांतला एक इकडचा, एक तिकडचा असावा. गरम कणीस चोळणं मात्र मोठ्या माणसानेच करावं. पोरांचे तळवे भाजतात, शिवाय कुसळांनी खाज सुटते ती वेगळीच.

इथे एक धोक्याची खूण सांगून ठेवतो, कारण आम्ही ती पुष्कळ ठिकाणी पाहतो. टोळीचं पोर आलं की घरातलं कुणीतरी सहज म्हणतं, "अरे, तेवढी लाकडं आण रे, घागर भरून ठेव रे." पोर चटपटीत असतं, करतंही. पण बाकीची खेळतायत आणि ते एकटं राबतंय, म्हणजे ते पाहुणं राहिलं नाही. पोरांच्या हे ताबडतोब ध्यानात येतं. काम सर्वांना, नाही तर कुणालाच नाही. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1954 सालच्या आपल्या ग्रंथात, निरनिराळ्या गटांची माणसं जवळ येण्याला काय काय लागतं ते सांगितलंय. त्यात बरोबरीचा दर्जा, सामाईक उद्देश, एकमेकांशी सहकार्य आणि वरच्या माणसाचा पाठिंबा या चार गोष्टी आहेत. आमच्या मते आपल्याकडे गाडी अडते ती पहिल्या आणि शेवटच्या गोष्टीवर. वरचा माणूस म्हणजे घरचा कर्ता. त्याने नुसतं "तो त्यांच्यातला" एवढं म्हटलं तरी पोरांना पुढचं सगळं समजतं. कारखान्याच्या निवडणुकीच्या वर्षात तर हे फार सांभाळावं. पॅनेल मोठ्यांचं असतं, पण शाळेत डबा कुणाबरोबर खायचा नाही हे पोरं घरातूनच ऐकून जातात.

आमंत्रण कसं द्यायचं, यावरही बरंच अवलंबून आहे. टोळीच्या मुलांना मुकादमाकडून निरोप धाडू नये. मुकादमाचा निरोप म्हणजे हुकूम वाटतो. घरच्या बाईने स्वतः कोपीवर जाऊन मुलाच्या आईला सांगावं. किती वाजता, कोण कोण येणार, अंधाराच्या आत परत आणून कोण सोडणार, हे सगळं सांगावं. भेटवस्तू आणायची नाही, हे सर्वच निमंत्रितांना आधीच कळवावं. नाही तर एकाच्या हातात रंगीत कागदातलं खोकं असतं आणि दुसरा हात मागे लपवून उभा राहतो. कुणी शाळेचा गणवेश घालून आलं तर त्यावर अवाक्षर काढू नये. पुष्कळ घरांत तोच चांगला कपडा असतो.

आणखी एक. टोळीतल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीला बोलावलं की तिच्या कडेवर बहुधा धाकटं भावंड असतंच. आई फडात असते, मूल हिच्याकडे. एका सभासदाच्या वस्तीवर आम्ही पाहिलं. मुलगी आली, कडेवर वर्षाचं पोर. बाकीच्या पोरींनी लंगडीचा डाव मांडला आणि ही बांधावर उभी. कुणी तिला टाळलं नव्हतं, पण कडेवर मूल घेऊन लंगडी कशी घालणार? घरच्या आजीबाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी काही न बोलता तिच्या कडेवरचं पोर उचललं, लिंबाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधली आणि त्यात टाकलं. "जा, मी बघते." मुलगी दोन मिनिटं झोळीपाशीच घुटमळली. मग गेली. लंगडीत तिच्यासारखी पोर त्या दिवशी दुसरी नव्हती. पुढच्या डावाला दोन्ही बाजू तिलाच मागू लागल्या. आजीबाईंनी त्यासाठी भाषण केलं नाही की "हिला पण घ्या गं" असंही म्हटलं नाही. तसं म्हटलं असतं तर घेतलीही असती, पण उपकार म्हणून.

आता खेळांविषयी. गट पाडताना दोन कप्तान नेमून "तू एक घे, मी एक घेतो" ही पद्धत पूर्ण बंद करावी. शेवटी जे पोर उरतं, त्याला सगळ्यांदेखत कळतं की आपण कुणालाच नको आहोत. त्याऐवजी एका पिशवीत आंबा, लिंब, चिंच आणि ऊस यांची पानं कापून टाकावीत. न बघता एकेक काढायचं. ज्याचं पान ज्याच्याशी जुळलं ते एका बाजूचे. मात्र फार बुजरं पोर असेल तर पहिल्या खेळाला त्याच्या ओळखीचं एक तरी मूल त्याच्याबरोबर राहील अशी हातचलाखी खुशाल करावी. नांग्या भरताना आपण काय करतो? एकट्या रोपाला पाणी देऊन चालत नाही, वयही जुळावं लागतं. मोठ्या उसात लहान रोप लावलं तर ते सावलीत गुदमरतं. तसं सहा वर्षांचं आणि बारा वर्षांचं पोर एका डावात घालू नये. मोठ्यांना पंच करावं, लहानांचा डाव वेगळा मांडावा.

खेळ कुठले घ्यावेत? संगीत खुर्चीसारखे बाद करणारे खेळ आमच्या मते अशा वेळी कुचकामी. बाद झालेलं पोर कुठे जातं? आपल्या जुन्या कोंडाळ्यात. दहा मिनिटांत अर्धी पार्टी पुन्हा जिथल्या तिथे. त्यापेक्षा साखळी बरी. जो सापडला तो साखळीत हात धरून सामील होतो आणि साखळी वाढत जाते. हात कुणाचा धरायचा हे विचारायला सवड नसते. विष-अमृत त्याहून चांगलं. विषाने शिवलं की जागेवर थिजायचं आणि कुणीतरी येऊन अमृत दिल्याशिवाय सुटका नाही. "ए, मला सोडव ना!" ही हाक जो जवळ असेल त्याला मारावी लागते, मग तो बसवाला असो की कोपीवाला. लगोरीही चालेल, बाजू पानांनी पाडल्या असतील तर. रस्सीखेच घ्यायचीच असेल तर गाव विरुद्ध शहर अशी कदापि घेऊ नये. बक्षीस मात्र कशालाच ठेवू नये. ओक्लाहोमाच्या चाकूंची गोष्ट वर सांगितलीच आहे.

एक खेळ आमच्या खात्याचा आहे. प्रत्येक वस्तीवर करता येईल. पुरता पक्व न झालेला एक ऊस घ्यावा. पक्व उसात शेंड्या-बुडख्याच्या गोडीत फारसा फरक उरत नाही, म्हणून थोडा कोवळाच बरा. त्याचे बुडखा, मधला भाग आणि शेंडा असे तीन भाग सोलून त्यांचे बारीक करवे करावेत आणि खूण न सांगता तीन ताटल्यांत ठेवावेत. चार-चार पोरांचा गट, पानांनी पाडलेला. सगळ्यांनी तिन्ही चाखायचे आणि कुठली ताटली बुडख्याची, कुठली शेंड्याची ते ठरवायचं. अट एकच, गटाचं उत्तर एकच पाहिजे. म्हणजे मग वाद होतो. वाद घालायचा तर बोलावं लागतं. बोलायचं तर नाव विचारावं लागतं. इंग्रजी शाळेतल्या पोराला वाटतं आपण हुशार, पण ऊस चाखण्यात टोळीचं पोर त्याचा बाप निघतं. त्याचा अर्धा हिवाळा ऊस खाण्यात गेलेला असतो. शेवटी निकाल यंत्राने द्यायचा. गट ऑफिसच्या माणसाकडे हँड रिफ्रॅक्टोमीटर असतो. तो नमुना घ्यायला येणार असेल त्या दिवशीच बेत धरावा. काचेवर रसाचे दोन थेंब टाकून उजेडाकडे धरलं की आत निळ्या-पांढऱ्याची रेघ दिसते. ती पाहायला रांग लागते, आणि त्या रांगेत कोण कुणाच्या मागे उभं आहे याचं कुणाला भान राहत नाही.

या खेळामागची कल्पना नवी नाही. 1971 साली अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात, काळ्या-गोऱ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना एका शाळेत घातल्यावर वर्गात रोज मारामाऱ्या होऊ लागल्या. तेव्हा एलियट अॅरन्सन या प्राध्यापकाने धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येक मुलाला एकेकच तुकडा दिला. बाकीचे तुकडे दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय धडा पुरा होईना. मग ज्याला चिडवत होते त्याचंच कान देऊन ऐकावं लागलं. आपल्याकडे असे तुकडे चिठ्ठ्यांवर करता येतील. खताच्या गोणीवरचे आकडे काय सांगतात, पुण्याच्या मेट्रोचं तिकीट कसं निघतं, जुवाला शिवळा किती, मोळी बांधताना वाढं कसं पिळतात, आपल्या शाळेच्या पटांगणात झाडं कुठली. असे प्रश्न घ्यावेत की प्रत्येक घोळक्याला एक तरी येतो आणि एकालाही सगळे येत नाहीत.

कडेला उभं राहून नुसतं पाहणारं पोर असतंच. त्याला ओढू नये. मिल्ड्रेड पार्टन या बाईंनी 1932 साली बालवाडीच्या मुलांच्या खेळाच्या पायऱ्या मांडल्या, त्यात 'पाहणं' हीसुद्धा एक पायरी धरली आहे. त्याला गुण मोजायला द्यावं, कुत्रं धरायला द्यावं. येईल तेव्हा येईल. भांडण झालं तर चोर शोधत बसू नये. दोघांना मिळून घागर आणायला पाठवावं.

पंगतीचं थोडक्यात सांगतो. पत्रावळ सर्वांना एकसारखी, पाणी एकाच माठातलं, प्याला एकाच प्रकारचा. काहींना स्टील आणि काहींना कागद, हे चालणार नाही. असं ज्या वस्तीवर होतं तिथे पोरं बोलावूच नयेत, हे आम्ही स्पष्टच लिहितो. रागावणारांनी रागवावं. वाढप पोरांनाच आळीपाळीने करू द्यावं. वाढणाऱ्याला प्रत्येकापुढे वाकावं लागतं आणि "अजून घे ना" म्हणावं लागतं. हुरडा, दही, गूळ, लसणाची चटणी, बोरं, उसाचं कांडकं एवढं पुष्कळ झालं. जाताना जे द्यायचं ते सर्वांना तेच. मोबाईल आल्याआल्याच एका बुट्टीत जमा करावेत, मोठ्यांचेसुद्धा.

वेळ अडीच तासांहून जास्त ठेवू नये. साडेतीनला बोलवावं आणि दिवस मावळायच्या आत आवरावं. लांबलं की पोरं पेंगतात, कुरबुरी सुरू होतात आणि जमलेलं विस्कटतं.

जागा निवडताना आमच्या खात्याच्या सूचना ध्यानात ठेवाव्यात. आगटी उभ्या उसापासून आणि पाचटापासून चांगली लांब, वाऱ्याची दिशा पाहून करावी. शेजारी पाण्याचं पिंप भरलेलं असावं. बिनकठड्याची विहीर आणि कागद अंथरलेलं शेततळं यांच्याजवळ खेळ मांडू नये. शेततळ्याच्या कागदावरून पाय घसरला तर मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. एक माणूस तेवढ्याच कामाला बसवावा. लपाछपीला उसात शिरू देऊ नये. आणि पोरांची ने-आण उसाच्या ट्रॉलीतून करू नये, कितीही हट्ट केला तरी. कोपीवरच्या मुलांना सोडायला घरचं मोठं माणूस चालत जावं, बरोबर बॅटरी घ्यावी. शक्य झालं तर घरची पोरंही घेऊन जावीत, म्हणजे त्यांनाही कोपी कुठे आहे ते कळेल. आगटीवर दोन घागरी ओतून, राख काठीने उलथून, पुन्हा एक घागर ओतावी.